पाटीवर काय लिहायचं? शूगेझ, इंडी आणि लोकनाट्य तमाशा

(नारायणगाव इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाचं मूळ एका फॉर्ममध्ये आहे. मंचरचा एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला होता. तो आणि त्याचे तीन मित्र गिटार वाजवतात. ब्रिटिश बँडची गाणी ऐकून ऐकून आता स्वतःची बसवायला लागलेत, शब्द मराठी. त्यांना एका स्पर्धेत भाग घ्यायचा होता. फॉर्मवर नाव, पत्ता, वाद्यं असे रकाने होते आणि एक रकाना होता, ‘संगीतप्रकार’. जागा एकाच शब्दाची. मुलगा म्हणाला, ‘सर, आम्ही चौघं दोन दिवस भांडतोय. एक म्हणतो इंडी लिहू, एक म्हणतो शूगेझ, तिसरा म्हणतो नुसतं रॉक लिहा आणि मोकळे व्हा. आम्ही वाजवतो ते नक्की काय आहे?’

मी त्याला म्हटलं, तू पाडव्याच्या आधी नारायणगावला ये, राहुट्यांच्या पाट्या वाच, मग बोलू. त्याला वाटलं सर टाळतायत. (हशा) पण मी टाळत नव्हतो. संगीताला नाव कसं पडतं, ते नाव कोण ठेवतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे शिकायला आपल्या जुन्नर-आंबेगावपेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

आधी पाट्या पाहू.

तुम्हाला इथं वेगळं सांगायला नको, पण हे व्याख्यान लांबचीही मंडळी ऐकतात, म्हणून सांगतो. होळी-पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या इथं येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, घासाघीस होते आणि आपल्या गावच्या जत्रेच्या रात्रीची सुपारी ठरते. म्हणून नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. दसऱ्याला उभे राहिलेले मोठे फड पावसाळ्याच्या तोंडावर मोडतात. तोपर्यंत चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर त्यांचं वर्षाचं गणित असतं.

प्रत्येक राहुटीबाहेर फलक असतो. तो नीट वाचा. त्यावर साधारण तीन गोष्टी असतात. पहिली, माणसाचं नाव. दुसरी, गावाचं नाव: नारायणगावकर, सातारकर, करवडीकर, ढवळपुरीकर. आणि तिसरी, ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’.

आता या तिसऱ्या भागावर थांबा. ‘लोकनाट्य तमाशा’. दोन शब्द का? एकानं भागत नव्हतं का?

नाही भागत. त्या दोन शब्दांमध्ये जवळजवळ ऐंशी वर्षांचा इतिहास अडकलाय.

‘तमाशा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. पाहण्याजोगी गोष्ट, गंमत, असा त्याचा अर्थ. पण आपल्या घरात तो कसा वापरतात? ‘काय तमाशा लावलाय?’ ‘चारचौघांत तमाशा नको.’ म्हणजे ज्या शब्दावर शेकडो कुटुंबांची चूल पेटते, तोच शब्द आपण पोरांना दटावायला वापरतो. आणि हे नुसतं भाषेपुरतं नाही. फडात उभे राहिले ते बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातले कलावंत. तमाशाला नावं ठेवताना कलेला किती आणि जातीला किती नावं ठेवली जात होती, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं. याच गावच्या विठाबाई फलकावर ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ असं पूर्ण नाव लावत. जात लपवली नाही, गाव लपवलं नाही. आज राज्य शासन तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं देतं.

मग ‘लोकनाट्य’ कुठून आलं? १९४० च्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक कामगार वस्त्यांमधून प्रयोग करत होतं. अण्णा भाऊंनी तमाशाचा बाज घेतला, पण आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केलं. गवळण गाळली. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, मालक, कामगार आणले. पुढं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. ती नंतर उठली, पण संहिता तपासून घ्यायची अट मागं राहिली. त्या दिवसांत ‘तमाशा’ म्हटलं की दार बंद आणि ‘लोकनाट्य’ म्हटलं की दार किलकिलं, अशी अवस्था होती. नवा शब्द रुळला.

पुढं शहरातल्या नाट्यगृहांनीही तो उचलला. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आलं, दादा कोंडके त्यात होते, तिकीट काढून मध्यमवर्ग हसायला गेला. ते लोकनाट्य. आणि इकडं कनातीत रात्रभर चालायचा तो तमाशा. ढंग एकच, पण एकाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला पोलीस परवाना.

परवान्यावरून सांगतो. सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांबद्दलची १९६० ची नियमावली आहे. तिच्या नावातच ‘मेळे आणि तमाशे’ हे शब्द आहेत. म्हणजे कायद्याच्या दारात ‘तमाशा’ हेच नाव लागतं, आणि सभ्य माणसांच्या दारात ‘लोकनाट्य’ बरं दिसतं. फडमालकाला दोन्ही दारांतून जायचं असतं. मग तो फलकावर दोन्ही लिहितो. ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ म्हणजे दोन दारांच्या दोन किल्ल्या एकाच छल्ल्यात.

आता आपल्या मंचरच्या मुलाकडे वळू. आणि त्याच्याबरोबर विलायतेला जाऊ.

त्यानं पहिला शब्द काढला होता शूगेझ. शू म्हणजे बूट, गेझ म्हणजे टक लावून बघणं. बुटांकडं बघत बसणारे! हे काय संगीताचं नाव झालं? पण ऐका. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये काही बँड आले: माय ब्लडी व्हॅलेंटाइन, राइड, स्लोडाइव्ह, लश. यांची गिटार गिटारसारखी वाजायचीच नाही. आवाज खरखरीत करायचा, घुमवायचा, एकावर एक प्रतिध्वनी चढवायचे, की सूर धुक्यासारखा पसरतो. गाणारा त्या धुक्याच्या आत कुठंतरी, शब्द अर्धेमुर्धे कळणार. हे सगळं साधायला पायाजवळ इफेक्ट पेडलची रांग मांडलेली असते. कुठलं पेडल कधी दाबायचं याकडं लक्ष ठेवावं लागतं, म्हणून वाजवणारे खाली मान घालून उभे. प्रेक्षकांकडं बघणं नाही, उड्या नाहीत. तिथल्या संगीत साप्ताहिकांनी खिल्ली उडवली, हे तर बूट बघणारे! याच घोळक्याला मेलडी मेकर या साप्ताहिकानं दुसरं नाव ठेवलं, त्याचा आपल्या भाषेत अर्थ होईल, ‘स्वतःचीच आरती ओवाळणारी मंडळी’. (हशा)

म्हणजे शूगेझ हा आधी टोमणा होता. १९९१ साली माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ आला, आज तो या शैलीचा मानदंड मानतात. पण दोन-चार वर्षांतच हवा पालटली, ब्रिटपॉप आलं, ब्लर आणि ओअॅसिसच्या झुंजीनं वर्तमानपत्रं भरली, आणि बूट बघणारे बाजूला पडले. स्लोडाइव्हला तर १९९५ मध्ये त्यांच्या कंपनीनं सोडून दिलं. मग वीस वर्षांनी काय झालं? नव्या पिढीनं इंटरनेटवर हे आवाज शोधून काढले. स्लोडाइव्ह २०१४ ला पुन्हा एकत्र आले, २०१७ ला नवा अल्बम आला. आणि आज जगभरची पोरं अभिमानानं सांगतात, आम्ही शूगेझ वाजवतो. टोमण्याची पदवी झाली.

‘तमाशा’ या शब्दाशी ताडून बघा. तिथं खिल्लीचा शब्द पंचवीस वर्षांत धुऊन निघाला. आपल्याकडं का निघत नाही? कारण त्या पोरांची थट्टा त्यांच्या उभं राहण्याच्या पद्धतीवरून झाली होती, जन्मावरून नव्हे. तो डाग पाण्यानं निघतो. दुसरा इतक्या सहज निघत नाही.

दुसरा शब्द, इंडी. हा टोमणा नाही. हा धंद्यातून आलेला शब्द आहे. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, छोट्या कंपन्यांनी काढलेल्या आणि स्वतंत्र वितरकांनी दुकानात पोचवलेल्या तबकड्या. १९८० पासून ब्रिटनमध्ये त्यांची वेगळी खपाची यादी लागायला लागली. यादीत यायची अट आवाजाची नव्हती, वितरणाची होती. माल कुठल्या गाडीतून आला, एवढंच. त्यामुळं गंमत अशी व्हायची की कायली मिनोगची चकचकीत नाचगाणी, जी छोट्या कंपनीची होती, ती या इंडी यादीत वर जायची. आणि कानाला अस्सल इंडी वाटणाऱ्या ब्लरच्या तबकड्या ईएमआयसारख्या बलाढ्य कंपनीच्या छत्राखाली यायच्या.

हळूहळू झालं काय, की शब्द गाडीवरून मालावर सरकला. १९८६ मध्ये एनएमई साप्ताहिकानं बावीस बँडची एक कॅसेट काढली. नाव साधं: ‘सी एटीसिक्स’. कॅसेटचा ‘सी’ आणि साल ८६. त्यातल्या किणकिणत्या गिटारीच्या गाण्यांमुळं लोक त्या आवाजालाच ‘सी एटीसिक्स’ म्हणायला लागले. म्हणजे डब्यावर लिहिलेला नंबर आतल्या पदार्थाचं नाव झाला! त्या बावीस जणांत एकमेकांसारखे न वाजणारेही कितीतरी होते. पण शिक्का बसला तो बसला.

नाव राहतं आणि वस्तू खालून सरकते, हे आंबेगाव तालुक्याला कुणी शिकवायची गरज नाही. तालुक्याचं नाव आंबेगाव. मुख्य ठाणं घोडेगाव. आणि ज्या गावावरून नाव पडलं ते मूळ आंबेगाव कुठं आहे? डिंभे धरणाच्या पाण्याखाली. सातबाऱ्यावर, एसटीच्या वेळापत्रकात, निवडणुकीत नाव जिवंत आहे. इंडीचं तसंच झालं. स्वतंत्र कंपनी हे मूळ गाव बुडालं, तालुक्याचं नाव चालू राहिलं.

तिसरी रीत ठिकाणाची. १९६० च्या सुरुवातीला लिव्हरपूलच्या बँडना ‘मर्सीबीट’ म्हणायचे, तिथल्या मर्सी नदीवरून. राइड ऑक्सफर्डचे, स्लोडाइव्ह रेडिंगचे, म्हणून त्यांना काही जण टेम्स खोऱ्याची मंडळी म्हणत. आपल्याकडं भीमेच्या काठची तट्टं ती भीमथडीची तट्टं, तशातलाच हा प्रकार. आणि फलकावरचं ‘नारायणगावकर’ हेही तेच. गावाचं नाव म्हणजे एका ठरावीक दर्जाची हमी. पण त्यातही पेच आहेच. माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा बँड जमला डब्लिनमध्ये, आयर्लंडात. म्हणजे ज्यांना आपण ब्रिटिश गिटार संगीताचे मानकरी म्हणतो, तिथं ‘ब्रिटिश’ हाच शब्द आधी तपासून घ्यावा लागतो.

तर तीन रिती झाल्या: टोमणा, धंदा, ठिकाण. यांपैकी एकही रीत कानानं ऐकून ठेवलेली नाही, हे लक्षात घ्या. नाव ठेवताना कुणी सूर मोजले नाहीत. बाजारात मालाची प्रतवारी होते ती घेणाऱ्याच्या सोयीसाठी, टोमॅटोच्या सोयीसाठी नव्हे. संगीताचं बरंचसं तसंच आहे.

मग नाव ठेवूच नये का? ठेवावं. न ठेवण्याचा तोटा मी स्वतः केलेला आहे, आणि चुकीचं ठेवण्याचाही. तो सांगतो.

काही वर्षांपूर्वी जत्रांमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या कॅसेट मी संगणकावर घेत होतो. तिथंही तोच रकाना: संगीतप्रकार, एक शब्द. मी ‘लावणी’ लिहीत सुटलो. दीडदोनशे कॅसेटना लावणी. एकदा एक वयस्कर सुरत्ये घरी आले. सुरत्या म्हणजे मागं उभं राहून तुणतुणं-मंजिरी धरणारा, ‘जी जी’ची साथ करणारा. त्यांना मी कौतुकानं एक कॅसेट लावून दिली. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच संगणकाकडं बोट करून विचारलं, ‘इथं काय लिवलंय?’ म्हटलं, लावणी. ते म्हणाले, ‘सर, ह्यो गण झाला. आता चालली ती गवळण, मावशी आन् पेंद्या बोलत्यात. मागनं बतावणी यील. लावणी एकच हाय, ती बी आखूड. दुसरी बाजू सगळी वग. तुम्ही अख्ख्या वाड्याला ओसरी म्हणालात की.’

मी गप्प झालो. कारण मी जे केलं होतं तेच हल्ली सगळीकडं होतंय. सिनेमानं लावणी उचलली, नऊवारी आणि घुंगरू घराघरात पोचले, आणि आता तमाशा म्हणजे लावणी असं समीकरण झालं. लावणीतही पोटप्रकार किती! फडाची लावणी वेगळी, बैठकीची वेगळी. छक्कड, बालेघाटी, चौकाची, प्रत्येकीचा बाज निराळा. वाईच्या यमुनाबाई वाईकर बसून नुसत्या अदाकारीनं एक ओळ पाच तऱ्हांनी उलगडायच्या. सुलोचना चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता माइकसमोर उभ्या राहून गायच्या, नाच मुळीच नाही. दोन्ही लावणीच. आणि यातलं काहीही म्हणजे पूर्ण तमाशा नव्हे. तमाशातही ढोलकी फड वेगळा, ज्यात सोंगाड्या, वग, सगळं आलं. संगीत बारी वेगळी, जिथं गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची पार्टी तबला-पेटी-ढोलकी घेऊन थिएटरात आपली पाळी करते. ‘बारी’ म्हणजेच पाळी.

आता कुणी म्हणेल, लावणी म्हणा नाहीतर तमाशा म्हणा, काय बिघडतं? बिघडतं. यात्रा कमिटी राहुटीत येते आणि विचारते, ‘लावण्या किती? नवी गाणी किती?’ वग कुठला, हे विचारणारे कमी झाले. मागणी नसली की फडमालक वगाची वेळ कापतो. वेळ कापली की सोंगाड्या, राजा, प्रधान, शिपाई यांचं काम कमी होतं. जो वग दोन-तीन तास रंगायचा, तो अर्ध्या तासात गुंडाळला जातो. पुढच्या पिढीला तो करताच येत नाही. म्हणजे एक शब्द चुकीचा वापरल्यानं अख्खी विद्या मरू शकते. एका दिवसात नाही, पण हंगामामागून हंगाम. २०२० आणि २०२१ ला करोनात यात्राच झाल्या नाहीत, राहुट्या ओस पडल्या, तेव्हा फड आणखी खंगले.

शासनाच्या अनुदानातही तमाशाचे पूर्णवेळ फड आणि हंगामी फड असे वेगळे प्रकार आहेत. कुठल्या रकान्यात तुम्ही बसता त्यावर हातात काय पडणार ते ठरतं. लेबल म्हणजे नुसती चर्चा नव्हे, तो पोटाचा प्रश्न आहे.

तर नाव कसं ठेवायचं? माझी चूक झाल्यावर मी एक रीत ठरवली. ती चार ओळींची आहे. तुम्ही कुठल्याही संगीताला लावून बघा.

पहिली ओळ: कानाला काय ऐकू येतं. वाद्यं कुठली, गळा पुढं की मागं, लय कशी, काय कशानंतर येतं. इथं कौतुकाचा किंवा शिवीचा शब्द वापरायचा नाही.

दुसरी ओळ: कुठं, कधी, कशासाठी. जत्रेची रात्र, की दुसऱ्या सकाळची हजेरी, की थिएटर, की स्टुडिओ.

तिसरी ओळ: कलावंत स्वतः त्याला काय म्हणतात.

चौथी ओळ: इतर लोक काय म्हणतात, आणि कधीपासून.

माझ्या त्या कॅसेटवर आता असं लिहिलंय. ‘ढोलकी, हलगी, तुणतुणं, मंजिरी, पेटी, क्रमानं गण, गवळण, बतावणी, एक लावणी, मग वग. चैत्रातली यात्रा, रात्रीचा खेळ. फडाच्या फलकावर: लोकनाट्य तमाशा. ऐकणारे म्हणतात: तमाशा, हल्ली लावणी.’ लांबलं खरं. पण आता ही कॅसेट वग शोधणाऱ्यालाही सापडेल आणि लावणी शोधणाऱ्यालाही.

‘लव्हलेस’ला लावून बघू. ‘खूप खरखरीत, लहरणाऱ्या गिटारींचे थर, गळा त्यात बुडालेला. स्टुडिओत घडवलेलं काम, १९९१ ला प्रसिद्ध, छोट्या कंपनीकडून. इतर लोक म्हणतात: आधी टिंगलीनं शूगेझ, आता आदरानं शूगेझ, कंपनीवरून इंडी.’ बघा, इंडी आणि शूगेझ यांचं भांडणच मिटलं. एक शब्द गाडीचा आहे, एक आवाजाचा. दोन्ही एका वेळी खरे असू शकतात. त्या चार पोरांचं दोन दिवसांचं भांडण याच गोंधळातून होतं.

तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती सहसा गाळली जाते. कलावंताला विचारायचं. त्याचं म्हणणं नेहमी बरोबर असतं असं नाही. तोही दोन दारांच्या किल्ल्या बाळगत असतो. पण त्याला न विचारता जी पाटी लागते, ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीची असते.

आणि एकच शब्द लिहायची सक्ती असली तर? फॉर्मला चार ओळी मावत नाहीत. तेव्हा समोरचा तो शब्द कशासाठी विचारतोय ते बघा. परीक्षक ठरवायला असेल तर आवाजाचा शब्द लिहा. परवान्याला असेल तर कायद्याचा लिहा. मात्र घरी, आपल्या वहीत, चारही ओळी ठेवा. फॉर्मवरचा शब्द म्हणजेच आपण, असं समजायचं नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: सर, फडांनी आता ‘तमाशा’ हा शब्द सोडून नुसतं ‘लोकनाट्य’ किंवा ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ लावावं का? मान मिळेल.

उत्तर: ताई, हे ठरवायचा अधिकार फडाचा, माझा नाही. मला एवढंच दिसतं की शब्द बदलून दार उघडतं, पण आतली वागणूक बदलेलच असं नाही. ‘लोकनाट्य’ येऊन इतकी वर्षं झाली, तरी कनातीबाहेर कलावंत बाईला ऐकावं लागतं ते ऐकावंच लागतं. विठाबाईंनी तमाशा हाच शब्द मिरवला आणि त्यालाच वजन आणलं. शूगेझवाल्यांना वीस वर्षं घरी बसावं लागलं, मग मान आला. आपल्याकडं तरी कलावंत जिवंत असताना यावा. त्यासाठी सुरुवात आपल्या घरातून करता येईल. ‘तमाशा लावलाय का’ हे पोरांना म्हणायचं बंद करा. त्याला पैसे पडत नाहीत. (टाळ्या)

प्रश्न: मग त्या मंचरच्या मुलांनी फॉर्मवर शेवटी काय लिहिलं?

उत्तर: राहुट्या बघून ते परत आले. मला वाटलं चार ओळी लिहितील. त्यांनी लिहिलं: ‘गिटार, मराठी शब्द, मंचरकर’. (हशा, टाळ्या) संगीतप्रकाराच्या रकान्यात गावाचं नाव! मी म्हटलं, फॉर्म नाकारला तर? तो मुलगा म्हणाला, ‘सर, नाकारला तर विचारतील तरी, की हे काय आहे. मग वाजवून दाखवू.’

याच्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडं नाही.